मुक्काम कुठं करावा?

‘कोल्हापूरला येतोय, उतरायचं कुठं?’ असा फोन महिन्याकाठी एक-दोनदा तरी येतोच. विचारणारा कधी पुण्याचा कवी असतो, कधी नागपूरचा प्राध्यापक, कधी मुलाबाळांसह देवीच्या दर्शनाला निघालेला जुना वर्गमित्र. प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर देताना मी उलट विचारतो, ‘कशासाठी येताय आणि किती दिवस?’ कारण परक्या गावात आपण जिथं पाठ टेकतो, तिथूनच ते गाव आपल्याला दिसतं.

मराठीत आपण गावात ‘राहायला’ जात नाही, ‘उतरतो’. बैलगाडीतून, घोड्यावरून खाली उतरायचं तिथंच रात्र काढायची, त्या काळाची आठवण या शब्दात आहे. ‘मुक्काम’ आणि ‘मुसाफिर’ अरबीतून आले, ‘सराई’ फारसीतून, ‘धर्मशाळा’ संस्कृतातून, ‘लॉज’ इंग्रजीतून. एसटीनं तर ‘वस्तीची गाडी’ असा झकास शब्द दिला. प्रवाशाला छप्पर देण्याचं काम इतक्या लोकांनी इतक्या काळात केलं, की त्यासाठी एका भाषेचे शब्द पुरले नाहीत.

आता कोल्हापूरकडे वळू. जुनं कोल्हापूर तटबंदीच्या आत होतं. तट गेला, पण वेशी नावांत उरल्या. गंगावेस, रंकाळावेस ही नावं रिक्षावाल्याच्या तोंडी रोज असतात. बिंदू चौकात तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. पाहुण्यानं पहिला निर्णय हाच घ्यायचा, की वेशीच्या आत राहायचं की बाहेर?

आत म्हणजे अंबाबाईच्या देवळाच्या आसपास. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप, गुजरी हा सगळा परिसर. इथं भक्तनिवास आहेत, धर्मशाळा आहेत, लहान-मोठी यात्रीनिवासं आहेत. पहाटे देऊळ उघडतं तेव्हा घंटेच्या आवाजानं जाग येते आणि पाच मिनिटांत गाभाऱ्यासमोर उभं राहता येतं. चप्पल लाइन, साज घडवणाऱ्यांची गुजरी, बिंदू चौक, बाबूजमाल दर्गा, सगळं पायी. थोडं पुढं चाललं की एका बाजूला पंचगंगेचा घाट, दुसऱ्या बाजूला रंकाळा. संध्याकाळी गंगावेशीला दूधकट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दूध मिळतं. ते पिऊन खोलीवर परतायला वाहन लागत नाही.

पण आत राहण्याचे जाचही आहेत. गाडी लावायला जागा नाही. गल्ल्या अरुंद, खोल्या लहान, काही इमारतींना लिफ्ट नाही. म्हातारी माणसं बरोबर असतील तर खोली कितव्या मजल्यावर, हे आधी विचारा. नवरात्रात तर परिसर रात्रंदिवस जागा असतो. ज्याला गजबज आवडते त्याला ती मेजवानी, ज्याला झोप प्यारी त्याला शिक्षा.

वेशीबाहेरचा पहिला पर्याय स्टेशन रोड आणि शाहूपुरी. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्याभोवती लॉजची दाटी आहे. रात्री-अपरात्री पोचणाऱ्याला, पहाटेची गाडी पकडणाऱ्याला, बाजाराच्या कामाला आलेल्याला हीच जागा सोयीची. देऊळ इथून दोन-अडीच किलोमीटर. शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेली व्यापारपेठ. गूळ घेऊन आलेला शेतकरी आणि तो विकत घ्यायला आलेला व्यापारी यांचा राबता तेव्हापासूनचा आहे. तेव्हा इथल्या लॉजना पाहुण्याचं अप्रूप नाही, सवय आहे.

दुसरा पर्याय ताराबाई पार्क, नागाळा पार्क. झाडं, बंगले, रुंद रस्ते आणि मोठी हॉटेलं. इथून नवा राजवाडा जवळ. मेजर मँट यांच्या आराखड्यावर १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला हा वाडा, त्यातलं संग्रहालय, अंगणातलं तळं बघायला अर्धा दिवस हवा. शांतता, गाडीला जागा, खोलीत सगळ्या सोयी मिळतात. मात्र इथं राहिलेला पाहुणा बहुधा गाडीतूनच कोल्हापूर बघतो आणि गाडीच्या काचेतून कोल्हापूर निम्मंच दिसतं.

तिसरा पर्याय रंकाळ्याचा. पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस आहे. १९३० च्या दशकात बांधलेला हा वाडा पुढं काही वर्षं हॉटेल म्हणूनही चालला. संध्याकाळी तलावाकाठी भेळ, वारा आणि सगळं गाव फिरायला आलेलं, हा अनुभव ज्याला हवा त्यानं या भागात खोली शोधावी. आणि ज्याला शहरच नको, त्यानं वीस किलोमीटरवरच्या पन्हाळ्यावर मुक्काम करावा. पावसाळ्यात गडावर धुकं खिडकीतून आत येतं. मात्र तिथून रोज खाली ये-जा करायची तर दोन दिवसांचा मुक्काम पुरत नाही.

जागेइतकीच वेळ महत्त्वाची. नवरात्र, जोतिबाची चैत्रयात्रा, लागून आलेल्या सुट्ट्या या काळात आगाऊ खोली ठरवल्याशिवाय निघू नये. किरणोत्सव बघायचा असेल तर ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी किंवा ९ ते ११ नोव्हेंबर या तारखा धराव्यात आणि देवळाजवळच राहावं, कारण मावळतीची ती किरणं काही मिनिटांचीच असतात. जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यानं नदीकडे लक्ष ठेवावं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पुरानं शहराचे सखल भाग बुडवले. २०१९ मध्ये तर पुणे-बेंगळुरू महामार्गच काही दिवस बंद होता. तेव्हा पावसाळ्यात खोली घेताना ‘इथं पाणी येतं का?’ असं विचारायला लाजू नका. कोल्हापूरकर खरं उत्तर देतो.

आणखी दोन-तीन प्रश्न खोली बघण्याआधीच विचारावेत. दिवस चोवीस तासांचा धरता की दुपारी बाराला खोली सोडायची? सकाळी रेल्वेनं येणाऱ्याला या एका फरकानं दुप्पट भाडं पडू शकतं. गरम पाणी किती ते किती? खिडकी उघडते का आणि कशावर उघडते? आणि पैसे देण्याआधी खोली डोळ्यांनी बघा. फोटोत वास येत नाही.

हे झालं पाहुण्यानं गाव निवडण्याबद्दल. पण गावसुद्धा पाहुणा निवडत असतं आणि ही बाजू फारशी बोलली जात नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात कविसंमेलनासाठी गेलो होतो. बरोबर एक कविमित्र होते. काउंटरवर दोन खोल्या आहेत म्हणाले. मी रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. कारकुनानं ते वाचलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘एकच शिल्लक आहे.’ ती मित्राच्या नावावर मिळाली. आम्ही दोघंही एकाच पलंगावर झोपलो आणि रात्रभर कवितांवर बोललो, त्यामुळे रात्र वाया गेली असं नाही. पण रजिस्टरमधल्या त्या रकान्यात नाव लिहिताना हात किंचित थांबतो, तो तेव्हापासून. हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. आडनावावरून जात ओळखली गेलेल्या माणसाला विचारा, एकट्या प्रवास करणाऱ्या बाईला विचारा. ‘खोली नाही’ या दोन शब्दांचे किती अर्थ होतात, ते ती सांगेल.

कोल्हापूरचं मोठेपण मला इथं जाणवतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाच्या राजानं नेमका हाच प्रश्न हाती घेतला. खेड्यातला हुशार मुलगा शाळेत नाव घालायला शहरात येतो, पण राहणार कुठं? जात आडवी येते, जेवणाची पंगत आडवी येते. १८९६ मध्ये शाहू महाराजांनी सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. प्रत्यक्षात तिथं एकाच जातीचा वरचष्मा राहिला. मग त्यांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं निघाली. १९०६ मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन होऊन मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं आणि तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. एकेक करत इतकी वसतिगृहं झाली, की कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणू लागले. दसरा चौकात उभं राहिलं तर यातल्या काहींच्या इमारती एका नजरेत येतात. पाहुण्यानं त्या आवर्जून बघाव्यात. तिकीट लागत नाही.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या झाल्या, असा आक्षेप घेतला जातो. तो सोडून देण्यासारखा नाही. पण महाराज तिथंच थांबले नाहीत, हेही पाहायला हवं. १९१९ मध्ये त्यांनी हुकूम काढला, की सार्वजनिक इमारती, धर्मशाळा, विहिरी अशा ठिकाणी अस्पृश्यांना वेगळी वागणूक द्यायची नाही. धर्मशाळेचा उल्लेख त्यात मुद्दाम आहे. आणि गंगाराम कांबळे या अस्पृश्य माणसानं भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा महाराज स्वतः तिथं थांबून चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. हुकमानं जे होत नाही, ते कपभर चहानं साधायचं होतं.

याच राजानं उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं. खाँसाहेब राजस्थानातले. पण इथं ते मुक्कामाला आले आणि वर्षानुवर्षं राहिले. त्यांच्या गायकीचं नाव निघालं की कोल्हापूरचं निघतंच. पाहुण्याला नीट उतरवून घेतलं तर गावाला काय मिळतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

जगातल्या जुन्या शहरांपुढं आज वेगळाच पेच आहे. कॅरिबियन समुद्रातल्या क्यूबाची राजधानी हवाना घ्या. तिथला जुना भाग १९८२ पासून जागतिक वारसा आहे. १९९७ मध्ये सरकारनं लोकांना घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला कायद्यानं परवानगी दिली. पाहुण्याला घरचं जेवण, घरच्यांना चार पैसे आणि जुन्या घराला डागडुजी, असा त्यात मेळ बसला. दुसऱ्या टोकाला इटलीतलं व्हेनिस. १९५० च्या सुमारास तिथल्या जुन्या शहरात पावणेदोन लाख लोक राहत. २०२२ मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. महागाई, रोजगार अशी कारणं त्यामागं आहेत, पण घरांच्या पाहुण्यांसाठीच्या खोल्या झाल्या, हे एक ठळक कारण.

कोल्हापूर अजून व्हेनिस झालेलं नाही. पण देवळाच्या आसपास जुन्या वाड्यांच्या जागी मजले चढताना मी पाहतो आहे. किरणोत्सवाच्या वाटेत इमारतींचे अडथळे आल्याच्या तक्रारी झाल्या, मोजमापं झाली, काही अडथळे काढावे लागले. देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी खोल्या हव्यातच. मात्र त्या बांधताना सूर्याचीच वाट अडली, तर पाहुण्याला आपण काय दाखवणार?

म्हणून विचारणाऱ्याला माझा सल्ला ठरलेला असतो. पहिल्यांदा येत असाल आणि पाय धड असतील, तर वेशीच्या आत राहा. भव्य हॉटेलापेक्षा इथल्याच माणसांनी चालवलेली स्वच्छ, साधी खोली बघा. एक रात्र नव्हे, दोन रात्री राहा. पहिला दिवस देऊळ, राजवाडा आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर बाहेर पडा. तालमीतून मातीनं माखलेली पोरं बाहेर येत असतील. याच तालमींत मोहरमचे पंजे बसतात आणि गणपतीही बसतो. २०१८ पासून सलग तीन वर्षं दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा कित्येक ठिकाणी एकाच छताखाली दोघांची पूजा झाली. कुणीतरी तुम्हाला ‘काय पाव्हणं, कुठं उतरलासा?’ असं विचारेल. त्या प्रश्नात चौकशी असते, संशय नसतो. तिथं थांबा, उत्तर द्या आणि मिसळ कुठं चांगली मिळते, ते त्यालाच विचारा.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)