घराचे वायरिंग : अंदाजपत्रक काढावे कसे आणि वाचावे कसे?

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, खते आणि पाणी यांवर लिहीत असतो. या वेळी वायरिंगचा विषय पाहून "साहेबांचं खातं बदललं की काय?" असे कुणी म्हणेल. तसे काही नाही. झाले असे की, देवळाली प्रवरा येथील आपल्या एका सभासदाचा मुलगा गट ऑफिसात आला. पोरगा आय.टी.आय. झालेला वायरमन, हाताला चांगला. म्हणाला, "साहेब, वर्षभर कामाला खळ नाही, पण हातात काही राहत नाही. उसाचा एकरी खर्च तुम्ही काढून देता, तसा माझ्या कामाचाही काढून द्या की."

त्याची वही आम्ही पाहिली. प्रत्येक कामापुढे एकच ओळ : 'घराचे संपूर्ण वायरिंग, उक्ते, रु. ५०,०००.' बस्स. ना पॉइंटची मोजणी, ना वायरचे माप, ना दिवसांचा हिशेब. बेणे न मोजता लागण करावी तसला हा प्रकार. आम्ही शिकलो शेतकी पदविका. वायरमन आम्ही नव्हे. पण खर्चाचा अंदाज काढण्याची रीत सगळीकडे एकच असते. तेव्हा त्याच्याबरोबर बसून जे काढले, ते सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत. ज्यांची मुले हा धंदा करतात त्यांनी आणि ज्यांना घराचे वायरिंग बदलायचे आहे त्यांनी, दोघांनीही वाचावे.

जुनी फिटिंग आणि आजचा भार

१९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या मदतीने देशात ज्या पाच पथदर्शी ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांतली एक म्हणजे श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. आपल्या भागात वस्त्या-वस्त्यांवर वीज पोचवण्याचे मोठे काम या संस्थेने केले. २०११ साली तिच्या परवान्याची मुदत संपली व तेव्हापासून महावितरण वीज देते. बिलावरचे नाव बदलले. पण कितीतरी जुन्या घरांच्या आतली फिटिंग मात्र तीच राहिली. लाकडी पट्टीवर क्लिपांनी मारलेली वायर, काळी बटणे, चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आणि अर्थिंगच्या नावाने शून्य.

ती फिटिंग केली तेव्हा घरात चार दिवे, एखादा पंखा आणि रेडिओ एवढाच भार होता. आज काय आहे? गिझर २००० वॅट, इस्त्री १०००, मिक्सर ५००, वॉशिंग मशीन ५००. हे एकदम चालले तर ४००० वॅट होतात; म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १७ अँपिअर. एका दारेच्या पाण्यासाठी काढलेल्या चारीत दोन दारांचे पाणी सोडले तर चारी फुटणारच. वायरचे त्याहून वाईट. विजेचा प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. चारी फुटलेली डोळ्यांना दिसते. वायरीचे आवरण पट्टीखाली वितळलेले दिसत नाही.

पहिली पायरी : पाहणी

घर न पाहता दर सांगू नये. कागदावर घराचा नकाशा काढावा आणि खोलीनिशी पॉइंट मांडावेत. भिंत कशाची आहे, ते पाहावे. दगड-मातीच्या जुन्या भिंतीत चर खोदायला गेले की वीतभर माती ढासळते. तेथे केसिंग पट्टीच बरी. विटेच्या भिंतीत कन्सील फिटिंग होते, पण चर खोदण्याचे दिवस वाढतात आणि मागून गवंडी लागतो. छत धाब्याचे, पत्र्याचे की स्लॅबचे, यावरही काम बदलते. म्हणून चौरस फुटाचा दर नव्या बांधकामाला ठीक; जुन्या घराला तो फसवा ठरतो.

दुसरी पायरी : पॉइंट आणि सर्किट

आम्ही नमुन्याला चार खोल्यांचे घर घेतले. दिवे १२, पंखे ४, बोर्डावरचे साधे सॉकेट ६, एकूण २२. शिवाय गिझर, वॉशिंग मशीन, स्वयंपाकघर आणि घरगुती गिरणी यांचे १६ अँपिअरचे पॉवर पॉइंट ४.

एका लाईट सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा, एका पॉवर सर्किटवर २ पेक्षा जास्त पॉइंट नसावेत, असा या धंद्यातला रुळलेला नियम आहे. त्या हिशेबाने २२ पॉइंटना ३ सर्किटे झाली. पॉवरची दोन पुरली असती, पण गिझर स्वतंत्र ठेवला म्हणून ३. एकूण ६ सर्किटे, म्हणजे ६ एम.सी.बी. डी.बी. केवढी घ्यायची हे येथेच ठरले.

तिसरी पायरी : वायरचे माप

येथेच पुष्कळांचा हिशेब चुकतो. पोरगा म्हणाला, "चार कॉइलीत होऊन जाईल." आम्ही टेप घ्यायला लावला.

दिवे-पंख्यांचे १६ पॉइंट, बोर्डापासून सरासरी ६ मीटर. झाले ९६ मीटर. डी.बी.पासून बोर्डापर्यंत ३ सर्किटे, प्रत्येकी १२ मीटर. झाले ३६. एकूण १३२. वळणे, चढ-उतार आणि कापाकापीसाठी १० टक्के धरले की सुमारे १४५ मीटर. पण हे झाले एका वायरीचे. फेजची लाल, न्यूट्रलची काळी आणि अर्थची हिरवी, अशा तीन वायरी जायच्या. कॉइल ९० मीटरची. म्हणजे प्रत्येक रंगाच्या दोन, एकूण ६ कॉइली. चार नव्हे! ही झाली दीड चौरस मिलिमीटरची वायर. पॉवर पॉइंटना अडीचची, प्रत्येक रंगाची ५० मीटर, वेगळी. उरलेली वायर घरमालकाची. ती त्याला परत द्यावी.

चौथी पायरी : मजुरी

मिस्त्री आणि एक मदतनीस धरून जुनी फिटिंग काढायला १ दिवस, पट्टी व चर ३, वायर ओढणे २, बोर्ड बसवणे २, डी.बी., अर्थिंग आणि तपासणी १. असे ९ दिवस झाले.

आता रोज किती धरायचा? पोरगा स्वतःचा ६०० धरत होता. आम्ही विचारले, "घरखर्चाला महिन्याला किती लागतात?" म्हणाला, "अठरा हजार." १८,००० ला ३० ने भागले की ६०० येतात, हे खरे. पण ३० दिवस काम असते कुठे? पाहणीला जाणे, राहुरीला मालाला जाणे, पैशासाठी खेपा, पावसाचे आणि बिनकामाचे दिवस हे वजा जाता प्रत्यक्ष काम २० दिवस. १८,००० भागिले २० म्हणजे ९००. रोज ३०० रुपये तो पदरचे घालत होता आणि त्याला पत्ता नव्हता. उभ्या उसात वर्षभर राबून स्वतःची मजुरी खर्चात न धरणारे आपण सभासद तरी काय वेगळे करतो?

पाचवी पायरी : बेरीज

खालील आकडे त्या एका नमुना घरासाठी धरलेले आहेत. तांब्याचा भाव हलला की वायरचा भाव हलतो, म्हणून दर ज्याने त्याने दुकानातून ताजे घ्यावेत व अंदाजपत्रकावर 'हा दर १५ दिवसांपुरता' असे लिहावे.

माल (वायर, पट्टी, बोर्ड, डी.बी., अर्थिंग, जीएसटीसह) : रु. ४२,०००
मजुरी (९०० + ६०० = १,५०० गुणिले ९ दिवस) : रु. १३,५००
पेट्रोल, वाहतूक, ड्रिल बिट, हत्यारांची झीज : रु. २,५००
एकूण खर्च : रु. ५८,०००
अडीअडचणीसाठी ५ टक्के : रु. २,९००
त्यावर नफा १० टक्के : रु. ६,०९०
एकंदर : रु. ६६,९९०, म्हणजे ६७,०००

आणि हे काम तो ५०,००० ला घेणार होता. तेव्हा ८,००० ची तूट आधीच ठरलेली. ती भरून कशी निघणार? एक तर पोरगा बुडणार, नाही तर तूट भिंतीच्या आत जाणार : आय.एस.आय. मार्क नसलेली वायर, हिरव्या वायरीला फाटा आणि अर्थिंगला सुट्टी.

आमच्याच घरचा दाखला

हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या घराचे वायरिंग केले. तिघांचे दर घेतले, सर्वांत कमी होता त्याला आणखी पाडले आणि काम दिले. कागदावर एकच ओळ होती. दुसऱ्या पावसाळ्यात गोठ्यातल्या दिव्याची वायर पत्र्याला लागली. पत्र्याचा करंट लोखंडी खांबात उतरला आणि पहाटे दावणीची संकरित गाय जागेवर गेली. धार काढायला आमच्या मातोश्री निघाल्या होत्या. चार पावले मागे होत्या, एवढेच.

बोर्ड उघडला तर हिरवी वायर व्यवस्थित बसवलेली. तिचे दुसरे टोक भिंतीत कापून सोडलेले. ते कशालाच जोडलेले नव्हते. त्या माणसाला बोलावले. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तुम्ही भाव पाडला, मग मी खड्डा कुठून करणार?" त्याची चूक होतीच, आणि ती लहान नव्हे. पण त्या दिवसापासून आम्ही त्या गाईच्या जिवात आमचाही वाटा धरतो.

या तीन गोष्टींत काटछाट नको

१. अर्थिंग : घराच्या भिंतीपासून किमान दीड मीटर लांब खड्डा, त्यात गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा व मिठाचे थर. आपली काळी जमीन ओल धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा नरसाळ्यातून पाणी घालत जावे. हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपासून या पाइपापर्यंत अखंड हवी.

२. आर.सी.सी.बी. : गेलेला आणि परत आलेला प्रवाह हे यंत्र सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की पुरवठा तोडते. एम.सी.बी. वायर वाचवते, हे माणूस वाचवते. त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

३. तपासणी : काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजून घ्यावे. ते एक मेगोहमपेक्षा कमी आले तर पैसे चुकते करू नयेत. तसेच असे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फतच व्हावे, असा कायदा आहे. आपल्या मुलांनी आय.टी.आय.वर न थांबता परवाना काढावा. मीटरच्या सीलला मात्र कुणीच हात लावू नये. ते काम महावितरणचे.

व्यवहार कसा ठेवावा?

उत्तम रीत ही की, मिस्त्रीने मालाची यादी द्यावी, घरमालकाने माल पक्क्या बिलाने स्वतः आणावा आणि मिस्त्रीने मजुरी घ्यावी. "उसाचं बिल आलं की देतो" म्हणून मिस्त्रीला त्याच्या खिशातून माल आणायला लावू नये. आपले पेमेंट महिनाभर लांबले तर आपण गट ऑफिसात येऊन काय बोलतो, ते आम्ही ऐकतोच! मजुरीचे तीन हप्ते करावेत : सुरुवातीला, वायर ओढून झाल्यावर आणि तपासणीनंतर. गवंडीकाम, दिवे, पंखे हे दरात आहे की नाही, ते लिहून ठेवावे. मध्येच पॉइंट वाढला तर त्याचा दर तेथल्या तेथे ठरवावा.

तीन दर आले तर नुसती खालची रक्कम पाहू नये. वायर कोणती, किती, अर्थिंग आहे का, आर.सी.सी.बी. आहे का, हे तिन्ही कागदांत ताडून पाहावे. ऊस आपण काट्यावर घालतो, नजरेने अदमास घेऊन देत नाही. येथेही तसेच.

तो पोरगा ६७,००० चा कागद घेऊन गेला. घरमालक, तेही आपले सभासदच, आधी उसळले. "दुसरा पन्नासात करतोय," म्हणाले. पोराने वाद घातला नाही, यादी पुढे ठेवून म्हणाला, "काका, यातलं काय काढू ते तुम्हीच सांगा." दोघांनी बसून गिरणीचा पॉइंट आणि पडवीतले दोन दिवे पुढच्या हंगामावर टाकले. अर्थिंगच्या ओळीवर काकांचे बोट थांबले, आणि मग ते पुढे सरकले. ती ओळ राहिली.

सभासदांनी आपापल्या घरची डी.बी. उघडून न पाहता, जाणत्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी, विशेषतः गोठ्याची आणि न्हाणीघराची लाइन. पावसाळ्यापूर्वी घ्यावी. पुढच्या अंकी आम्ही पुन्हा आमच्या खोडव्याकडे वळू.