खांद्याचा सांधा मागे निखळणे

खांद्याचा सांधा मागे निखळणे (पश्च संधिच्युती) म्हणजे दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरील उथळ खोबणीतून सुटून पाठीच्या बाजूस सरकणे होय. निखळलेले बहुतेक खांदे पुढच्या बाजूस निखळतात; मागे निखळण्याचे प्रमाण साधारणतः २ ते ५ टक्के आहे. ही दुखापत विरळ असली, तरी पहिल्या तपासणीत ती निसटण्याचे प्रमाण फार मोठे आहे.

कारणे
अपस्माराची आकडी, विजेचा धक्का आणि जोराचा आघात ही तीन प्रमुख कारणे होत. आकडीत किंवा विजेच्या धक्क्यात खांद्याभोवतीचे सर्व स्नायू एकाच वेळी आकुंचन पावतात. हात आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्या स्नायूंपेक्षा बलवान असल्याने हाडाचा माथा मागे ढकलला जातो. अशा वेळी दोन्ही खांदेही निखळू शकतात. हात पुढे व आत वळलेला असताना त्यावर पडल्यासही अशी इजा होते.

इतिहास
इंग्लिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८३९ मध्ये अपस्माराच्या रुग्णातील या दुखापतीचे वर्णन केले. फ्रेंच शल्यविशारद मालगेन्य यांनी १८५५ मध्ये अशा ३७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधील असल्याने ही सर्व निदाने केवळ हाताने तपासून झालेली होती.

लक्षणे
रुग्ण हात छातीशी धरून आत वळवलेला ठेवतो. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूस वळवता येत नाही. दुसऱ्याने वळवून पाहिल्यासही तो अडतो. हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. हात पुढे करून तळहात पूर्ण उताणा करणेही जमत नाही. खांद्याचा पुढचा भाग सपाट, तर मागचा भाग फुगीर दिसतो. मात्र सूज असल्यास किंवा रुग्ण स्थूल असल्यास हा फरक लपतो.

निदान
समोरून काढलेल्या एकाच क्ष-किरण चित्रात सांधा जागेवर असल्याचा भास होऊ शकतो. माथा आत वळल्यामुळे तो विजेच्या बल्बसारखा गोल दिसतो, एवढाच संकेत मिळतो. म्हणून काखेच्या दिशेने किंवा फऱ्याच्या बाजूने दुसरे चित्र घेणे आवश्यक असते. वेदनेमुळे हात हलवता येत नसल्यास सीटी स्कॅन उपयोगी पडतो. माथ्यावर पडलेल्या खाचेचा आकारही त्यात कळतो. निदान हुकल्यास ‘फ्रोझन शोल्डर’ समजून दीर्घकाळ व्यायाम दिले जातात आणि दरम्यान खाच वाढत जाते.

उपचार
प्रथम हाताची नाडी व संवेदना तपासतात. दुखापत ताजी, साधारणतः तीन आठवड्यांच्या आतील, आणि खाच लहान असल्यास भूल देऊन सांधा बसवतात. हात हळूहळू ओढून, किंचित आत वळवून अडकलेला माथा सोडवतात व मागून पुढे दाब देतात. तो सुटण्यापूर्वी हात जोराने बाहेर वळवल्यास हाड मोडण्याचा धोका असतो. नंतर हात किंचित बाहेर वळलेल्या स्थितीत सुमारे चार ते सहा आठवडे आधाराने स्थिर ठेवतात; नेहमीच्या झोळीत तो पुन्हा आत वळतो.

खाच माथ्याच्या साधारण २० ते ४५ टक्के असल्यास शस्त्रक्रियेने ती भरतात. मॅकलॉक्लिन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पुढच्या स्नायूचा कंडरा खाचेत बसवतात. त्याहून मोठी खाच किंवा फार जुनी दुखापत असल्यास अनेकदा कृत्रिम सांधा बसवावा लागतो.

आकडीमुळे सांधा निखळला असल्यास अपस्मारावरील औषधोपचार नियमित ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. अन्यथा सांधा पुन्हा निखळण्याची शक्यता राहते. आकडीनंतर खांदा दुखत असल्याची आणि हात बाहेर वळत नसल्याची तक्रार असेल, तर दुसऱ्या दिशेचे क्ष-किरण चित्र पाहिल्याशिवाय सांधा सुस्थितीत असल्याचे मानू नये.