शिरेवाटे प्रतिजैविकांकडून तोंडी प्रतिजैविकांकडे बदल

रुग्णालयात दाखल रुग्णास शिरेवाटे सुरू केलेले प्रतिजैविक, प्रकृती स्थिरावताच, गोळी किंवा पातळ औषधाच्या रूपात तोंडावाटे देऊ लागणे म्हणजे तोंडी प्रतिजैविकांकडे बदल होय. औषध तेच ठेवतात किंवा त्याच जंतूंवर चालणारे दुसरे निवडतात.

गंभीर संसर्गात शिरेवाटे दिलेले औषध तत्काळ आणि संपूर्ण रक्तात उतरते. रुग्ण बेशुद्ध असो वा त्यास उलट्या होत असोत. हा धोका ओसरल्यावर मात्र कॅन्युला जितके दिवस राहील, तितकी शिरेला सूज येण्याची आणि सुईच्या जागेतून जंतू रक्तात शिरण्याची शक्यता वाढते. रुग्णालयातील मुक्काम व खर्चही लांबतो. ‘सलाईनमधून दिलेले औषध अधिक जोरकस’ ही महाराष्ट्रात सर्रास आढळणारी समजूत येथे आड येते.

तोंडावाटे घेतलेल्या मात्रेचा जेवढा भाग रक्तप्रवाहात पोहोचतो, त्यास जैवउपलब्धता म्हणतात. लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन व मेट्रोनिडाझोल यांची जैवउपलब्धता जवळजवळ १०० टक्के, तर सिप्रोफ्लॉक्सासिनची सुमारे ७० टक्के असते. दूध किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतल्यास ती आणखी घटते. जेंटामायसिन व अमिकासिन आतड्यातून जवळपास शोषलीच जात नाहीत. त्यांच्याऐवजी दुसरे औषध शोधावे लागते.

उपचार सुरू झाल्यापासून सुमारे ४८ तासांत फेरविचार करावा, असे अनेक मार्गदर्शक सूत्रे सुचवितात. ताप उतरला आहे का, नाडी, श्वसन व रक्तदाब सुधारत आहेत का, रुग्ण गिळू शकतो का आणि आतडे औषध शोषून घेईल का, हे तेव्हा पाहतात. पॅरासिटामॉलमुळे ताप झाकला जाऊ शकतो, हेही ध्यानात घ्यावे लागते.

हाडांच्या व हृदयाच्या संसर्गात दीर्घकाळ शिरेवाटेच औषध द्यावे, असा पूर्वी दंडक होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘ओव्हिवा’ चाचणीत हाडे व सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. एका वर्षात उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण शिरेवाटे गटात १४.६ टक्के, तर तोंडी गटात १३.२ टक्के आढळले. डेन्मार्कमधील ‘पोएट’ चाचणीत हृदयाच्या अंतःस्तराचा संसर्ग झालेल्या ४०० रुग्णांतही तोंडी उपचार कमी प्रभावी ठरला नाही; मात्र हे सर्व रुग्ण स्थिर होते आणि त्यांना आधी किमान १० दिवस शिरेवाटे औषध मिळालेले होते. मेंदूज्वरासारख्या संसर्गात आजही सामान्यतः शिरेवाटे उपचारच पूर्ण केला जातो.