कांपांच्या खोऱ्यातील लोहारशाळा

आमच्या कन्येचे बिऱ्हाड गेली काही वर्षे फ्रान्समधील तुलूझ या शहरी आहे. 2023 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता जावयांनी एका शनिवारी पिरेनीज पर्वतात सायकलीवरून जाण्याचा बेत मांडला. माझे वय तेव्हा चौसष्ट. इंदूरात शाळा-कॉलेजची सगळी वर्षे सायकलीवर काढली असली, तरी त्या गोष्टीला आता चार दशके लोटली. सौ.ने नजरेनेच नापसंती दर्शविली. परंतु जावई म्हणाले, “बाबा, तुम्हांला डोंगर चढवायचा नाही. नदीकाठाने बारा किलोमीटर जायचं आणि एक लोहारशाळा पाहायची.” लोहारशाळेचे नाव ऐकून माझे कुतूहल चाळवले आणि मी होकार दिला.

बान्येर-द-बिगोर हे गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले टुमदार गाव. तेथे भाड्याने सायकली मिळतात. इंदूरात आम्ही तासाच्या बोलीवर सायकल घेत असू तेव्हा दुकानदार पाटीवर खडूने वेळ लिही. येथे ओळखपत्र पाहून, खोगिराची उंची मोजून, डोक्यावर शिरस्त्राण चढवून मगच सोडतात. गावाबाहेर पडताच अदूर नदीचे खोरे सुरू होते. ही नदी पुढे तीनशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन बायोनपाशी अटलांटिक सागरास मिळते. येथे मात्र ती खडकांवरून खळखळणारी, गुडघाभर पाण्याची पोरसवदा नदी आहे. दोन्ही अंगांस हिरवी कुरणे, पाटीच्या काळ्या दगडाच्या उतरत्या छपरांची घरे आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. रस्ता चढतो, पण कळू न देता चढतो. बारा किलोमीटरांत तीनशे मीटर उंची गाठली जाते, हे मला माझ्या पोटऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

वाटेत कांपां हे खोऱ्याला नाव देणारे खेडे लागते. येथील हिरवट शिरांचा संगमरवर व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत पोहोचला होता. गावकरी चिंध्यांच्या माणसाएवढ्या बाहुल्या करून खिडक्यांत, ओट्यांवर, बाकांवर बसवितात. त्यांना ‘मूनाक’ म्हणतात. एका बाकावरच्या आजीबाईंना मी मान लववून अभिवादन केले आणि त्या हलेनात तेव्हा खरा प्रकार ध्यानी आला. जावईबापू सभ्यपणे दुसरीकडे पाहत होते.

सँत-मारी-द-कांपां येथे रस्ता दुभंगतो. डावीकडची वाट आस्पँ खिंडीकडे जाते, उजवीकडची तुर्मालेकडे. तुर्माले ही खिंड 2115 मीटर उंचीवर आहे आणि येथून ती सतरा किलोमीटर दूर. ‘तूर द फ्रान्स’ ही फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकल-शर्यत 1903 साली सुरू झाली आणि 1910 मध्ये प्रथमच या खिंडीवरून नेण्यात आली. त्या वेळी येथे पक्का रस्ता नव्हता. खडी, चिखल आणि गुरांच्या पायवाटा होत्या. सर्वांत आधी माथा गाठणारा ऑक्ताव लापीझ त्याच दिवशी पुढच्या ओबिस्क खिंडीत आयोजकांना खुनी म्हणून मोकळा झाला. शर्यत मात्र त्यानेच जिंकली. पुढे महायुद्धात वैमानिक म्हणून लढताना 1917 साली तो मारला गेला.

आम्ही ज्याची लोहारशाळा पाहण्यास आलो होतो तो एजेन क्रिस्तॉफ मात्र ही शर्यत कधीच जिंकला नाही.

तारीख 9 जुलै 1913. बायोन ते ल्युशाँ हा 326 किलोमीटरांचा टप्पा, एका दिवसाचा. आघाडीवरचा बेल्जियन स्पर्धक ओदील देफ्रे त्या दिवशी पार मागे पडला होता आणि एकूण वेळेच्या हिशेबात क्रिस्तॉफला पहिले स्थान दिसू लागले होते. तुर्मालेचा माथा ओलांडून तो या बाजूस उतरू लागला तोच सायकलीचा पुढचा चिमटा, ज्यात चाक बसते तो, मोडला. आजच्या दिवसांत असे घडले तर मागून येणारी मोटार अर्ध्या मिनिटात दुसरी सायकल हाती देते. त्या काळचा नियम असा की, स्पर्धकाने निघालेल्या सायकलीवरच पोहोचावे आणि मोडतोड झाल्यास ती स्वतःच्या हातांनी, कोणाचेही साहाय्य न घेता दुरुस्त करावी. आयोजक आंरी देग्रांज या बाबतीत कमालीचा कडक होता. गिअर बदलण्याची यांत्रिक सोयदेखील या शर्यतीत 1937 पर्यंत निषिद्ध होती, यावरून वाचकांस कल्पना येईल.

क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर टाकली आणि तो डोंगर उतरू लागला. हे अंतर कोणी दहा किलोमीटर सांगतात, कोणी चौदा. मागे टाकलेले एकेक प्रतिस्पर्धी त्याच्या डोळ्यांदेखत पुढे निघून गेले. दोन तासांहून अधिक चालून तो या खेड्यात पोहोचला आणि त्याने लोहाराचे घर विचारले.

सुदैवाने तो मूळचा कुलुपे करणारा कारागीर होता. लोखंडाशी त्याची जुनी ओळख होती. लोहाराने भट्टी दिली, हत्यारे दिली, पोलादाचा तुकडा दिला आणि नियमाप्रमाणे हात मागे घेतले. दारात पंच उभे, प्रतिस्पर्धी कंपन्यांची माणसे उभी. कोणी बोट लावतो काय, यावर सगळ्यांचा डोळा. क्रिस्तॉफने तापवले, ठोकले, कानशीने घासले. एकच अडचण आली. एका हाती सांडशी, दुसऱ्या हाती हातोडा, मग भाता कोणी ओढायचा? लोहारशाळेतल्या एका लहान मुलाने तो ओढला. काम पुरे होण्यास तीन-चार तास लागले. चिमटा बसवून क्रिस्तॉफ पुन्हा स्वार झाला आणि पुढच्या दोन खिंडी चढून रात्री ल्युशाँला पोहोचला.

भात्याच्या साहाय्याबद्दल त्याला दहा मिनिटांचा दंड ठोठावण्यात आला. पुढे तो तीन मिनिटांवर आणला गेला. जो मनुष्य सगळी बाजीच हरून बसला होता त्याला दहा मिनिटे काय आणि तीन काय! माझ्या मते या सर्व प्रकरणात ओशाळण्याजोगे काही असेल तर ते हेच. नियम कठोर असावा, याला माझा आक्षेप नाही; पण एका पोराने माणुसकीने ओढलेला भाता मोजण्यासाठी घड्याळ काढावे, हे अजूनही मनाला बोचते. पॅरिसला पोहोचला तेव्हा क्रिस्तॉफ सातवा होता. बेल्जियमचा फिलीप टीस विजयी झाला.

महायुद्धानंतर 1919 साली शर्यत पुन्हा भरली. आघाडीवीराने पिवळा सदरा घालण्याची प्रथा त्या वर्षी पडली, आणि तो सदरा अंगावर चढवणारा पहिला मनुष्य म्हणजे क्रिस्तॉफ. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर, मेत्स ते डंकर्कच्या वाटेवर, व्हालांसिएन येथे त्याचा चिमटा पुन्हा मोडला. या खेपेस तासाहून अधिक वेळ गेला आणि विजय फिर्माँ लाम्बोच्या पदरी पडला. लोकांनी वर्गणी काढून क्रिस्तॉफला भरघोस रक्कम दिली. 1922 मध्ये आल्प्स उतरताना तिसऱ्यांदा तोच प्रकार! तरीही 1925 पर्यंत, चाळिशीपर्यंत, तो या शर्यतीत उतरतच राहिला.

लोहारशाळेच्या जागी भिंतीवर संगमरवरी पाटी आहे. 1951 साली ती बसविली तेव्हा खुद्द क्रिस्तॉफ हजर होता. 2014 मध्ये गावात त्याचा पुतळाही उभारण्यात आला. समोरच्या बाकावर बसून मी डबा उघडला. सौ.ने दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. दहा-पंधरा मिनिटांत शंभरएक सायकलस्वार तरी समोरून गेले असतील. त्यांतील बहुतेक जण पुतळ्यापाशी क्षणभर थबकून, बाटली भरून पुढे जात.

जावई खिंडीकडे निघाले. मीही ग्रिपपर्यंत सोबत गेलो. तेथवर चढ सौम्य आहे. रस्त्याकडेला दर किलोमीटरला खूण आहे. खिंड किती दूर आणि पुढचा किलोमीटर किती चढणीचा, हे सायकलस्वारांसाठीच लिहिलेले. ग्रिपनंतर आकडे आठ-नवावर जातात, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यास आठ-नऊ मीटर वर. मी तेथून दोन खुणा पुढे गेलो आणि उतरलो. डांबरावर पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावे पावसाने पुसट झाली होती. त्यांत स्त्रियांची नावे बरीच होती. जुलैअखेर स्त्रियांची शर्यत याच बाजूने वर गेली होती आणि धुक्यात बुडालेल्या माथ्यावर हॉलंडच्या डेमी व्होलरिंगने ती मारली होती.

सायकल हाताने धरून मी खाली येऊ लागलो. दोनच किलोमीटर, तेही मोकळ्या हाताने, उताराला. तेवढ्यात दोनदा थांबलो. सायकल खांद्यावर घेऊन पाहावी असे वाटले; घेतली, वीस पावले चाललो आणि ठेवली. ही आजची हलकी सायकल. तेवढ्यात वरून येणाऱ्या एका बाईने गती कमी करून फ्रेंचमध्ये काही विचारले. काही मोडले आहे काय, मदत हवी काय, असे तिच्या मुद्रेवरून वाटले. मी हसून मान हलवली. ती हात करून वळणाआड दिसेनाशी झाली.

जावई दोन तासांनी उतरून आले. बोटे गारठून गेली होती, ब्रेक धरून धरून तळहात लाल झाले होते. कॉफी घेऊन आम्ही अदूरच्या काठाने परत फिरलो. कांपांच्या बाकावरच्या आजीबाईंना मी या खेपेसही मान लववली.