बेसिनखालची रिकामी जागा

घरात व्हीलचेअर यायची ठरली की प्लंबरला फोन जातो. 'बेसिन जरा खाली घ्या,' एवढंच त्याला सांगितलं जातं. तो जुनं बेसिन उतरवतो, चार-सहा इंच खाली नवी भोकं पाडतो, पांढरं सिमेंट भरतो आणि पैसे घेऊन जातो. मग खुर्ची बेसिनपाशी नेली जाते, गुडघे कडेवर आपटतात आणि नळ हाताच्या टप्प्याबाहेरच राहतो. बेसिन खाली आलं. माणूस काही जवळ जाऊ शकला नाही.

यात प्लंबरची चूक थोडी आहे. त्याला सांगणाऱ्यांच्या डोक्यात जे गैरसमज असतात, तेच तो भिंतीवर बसवून जातो.

'बेसिन जितकं खाली, तितकं सोयीचं'

उभा माणूस बेसिनकडे वरून बघतो, म्हणून त्याला वरची कड किती उंचीवर आहे एवढंच दिसतं. बसलेल्या माणसाचे पाय बेसिनच्या खाली जातात. त्याच्यासाठी खालची मोकळी जागा आधी, कड नंतर.

अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या 'एडीए' कायद्याच्या २०१० च्या मानकांत ही दोन्ही मापं स्पष्ट दिली आहेत. वरची कड जमिनीपासून ३४ इंचांपेक्षा, म्हणजे ८६५ मिलिमीटरपेक्षा, उंच नको. आणि खाली गुडघ्यांसाठी किमान २७ इंच, म्हणजे ६८५ मिलिमीटर, मोकळी उंची हवी. वजाबाकी करून बघा: उरतात ७ इंच. बेसिनची पुढची कड, भांड्याची जाडी आणि खोली, सगळं या सात इंचांत बसवायचं. कड आणखी चार इंच खाली घेतली तर भांड्याला तीनच इंच उरतात, आणि तेवढ्या उथळ भांड्यात चूळ भरली तर निम्मं पाणी मांडीवर.

मात्र ही २७ इंचांची मोकळीक थेट भिंतीपर्यंत लागत नाही. पुढच्या कडेपासून आत ८ इंचांपर्यंत ती असली की पुरते. बसलेल्या माणसाचा पाय गुडघ्यापासून खाली उतरत जातो, त्यामुळे मागे भिंतीकडे जागा कमी झाली तरी चालते. तिथे पावलं मावतील एवढी, म्हणजे ९ इंच उंचीची, पोकळी राहिली पाहिजे. म्हणजे बेसिनच्या पोटाचा उतार पायाच्या उताराशी जुळायला हवा. पुढे उथळ आणि पाणी जायचं भोक मागे भिंतीकडे असलेलं बेसिन इथे चालतं. मधोमध खोल गेलेलं गोल भांडं चालत नाही, मग ते कितीही खाली लावा.

आणखी एक गोष्ट मोजायची राहून जाते: खुर्चीचे हात. अमेरिकेच्या १९९१ च्या जुन्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या आकृतीत प्रौढ माणसाच्या खुर्चीत मांडी २७ इंचांवर आणि खुर्चीचा हात ३० इंचांवर धरला होता. म्हणजे मांडीच्या आधी हातच कडेला अडतो. पुढचा भाग कापून खाली घेतलेले आखूड हात असलेल्या खुर्च्या मिळतात, त्या टेबलाखाली आणि बेसिनखाली जातात. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या घडीच्या खुर्चीचे हात मात्र बहुधा पूर्ण लांबीचे असतात. त्यात मज्जारज्जूला इजा झालेली माणसं जखमा होऊ नयेत म्हणून बसायला दोन ते चार इंचांची खास गादी वापरतात. तेवढी मांडी वर येते. म्हणून घरासाठी मोजमाप घ्यायचं ते पुस्तकातून घेऊ नये. ज्याची खुर्ची आहे त्याला त्याच खुर्चीत, त्याच गादीवर बसवून घ्यावं.

'जागा तर आहेच, खाली कपाट करून घेऊ'

मराठी घरातली बेसिनखालची जागा रिकामी राहिल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे बादली असते, फिनेलची बाटली असते, पुसायचं फडकं आणि न वापरलेल्या टाइल्सचा खोका असतो. इंटिरियरवाले आले की तिथे दोन दारांचं कपाट होतं. व्हीलचेअर वापरणाऱ्याच्या दृष्टीने या सगळ्यांत आणि भिंतीत काही फरक नाही. बेसिनखालचा पूर्ण उंचीचा खांबही तसाच, पाय ठेवायच्या जागेवर उभा.

सध्या चलती आहे ती ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलेल्या वाटीसारख्या बेसिनची. ओटाच कमरेइतका, त्यावर पाच-सहा इंच उंच भांडं. मासिकातल्या फोटोत छान दिसतं. बसलेल्या माणसाच्या मनगटावरून मात्र पाणी उलटं बाहीत जातं, कारण हात वर उचलून धुवावे लागतात.

भिंतीला ब्रॅकेटवर टांगलेलं साधं बेसिन, खाली काही नाही, हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला प्रकार. 'अपंगांसाठीचं खास बेसिन म्हणजे परदेशी, महाग वस्तू' ही समजूत इथेच निकालात निघते. महाग पडतं ते चुकीचं बसवून परत फोडणं.

'पाइप खाली आहेत, त्यांचा काय त्रास?'

मज्जारज्जूला इजा झालेल्या अनेकांना कमरेखाली स्पर्श, उष्णता, वेदना काहीच जाणवत नाही. गीझरच्या पाण्याचा पाइप मांडीला टेकला तर पाय आपोआप मागे घेतला जात नाही. भाजल्याचं कळतं ते नंतर कपडे बदलताना. अँगल कॉकची चावी किंवा नटाची धारदार कड गुडघ्याला घासली तर तीही जखम अशीच उशिरा दिसते, आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या पायावरची जखम लवकर भरत नाही. म्हणून मानकं सांगतात की पाइप झाकलेले किंवा अशा जागी असावेत की अंगाला लागणार नाहीत, आणि बेसिनच्या खाली कुठेही धारदार, खरबरीत भाग नको.

करायचं असतं ते फार अवघड नाही. बॉटल ट्रॅप भांड्याच्या भोकाखाली सरळ न लोंबवता आडव्या पाइपने मागे, भिंतीलगत न्यायचा. अँगल कॉक बाजूला घ्यायचे. गरम पाण्याच्या पाइपवर फोमची नळी चढवायची.

'सेन्सरचा नळ लावला की प्रश्न मिटला'

सेन्सरबद्दलचं आपलं प्रेम मला जरा संशयास्पद वाटतं. सेन्सर बसवला की इमारत आधुनिक झाली आणि अपंगांचीही सोय झाली, असं एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान मिळतं. ज्यांच्या हातांची हालचाल हळू किंवा थरथरती आहे, त्यांचा हात सेन्सरच्या टप्प्यात स्थिर राहत नाही. साबण लावेपर्यंत पाणी बंद झालेलं असतं. आणि बॅटरी संपली तर नळच नाही.

दाबून सोडायच्या नळाचं दुखणं वेगळं: तो दाबायला जोर लागतो आणि काही सेकंदांत बंद होतो. एडीएच्या मानकांत आपोआप बंद होणारा नळ किमान १० सेकंद चालू राहावा असं म्हटलं आहे. कोणताही नळ एका हाताने, मूठ न आवळता, मनगट न पिळता आणि ५ पौंडांपेक्षा जास्त जोर न लावता उघडता आला पाहिजे, हीही अट आहे. एकाच दांडीचा साधा लिव्हरचा नळ या सगळ्या अटी पार करतो. तो बेसिनच्या मागच्या कडेऐवजी बाजूला बसवला तर हात कमी लांबवावा लागतो. घट्ट बसलेला, गोल मुठीचा जुना नळ मात्र संधिवात असलेल्या आजीलाही नको असतो. त्यासाठी व्हीलचेअरची वाट बघायची गरज नाही.

'योग्य रचना एकच असते, ती गुगलवर मिळते'

इथे खरी गंमत आहे. कमोडजवळ बेसिन असावं की नाही, याबाबतीत जगातली दोन मोठी मानकं एकमेकांच्या अगदी उलट बोलतात.

अमेरिकेत कमोडच्या बाजूची जागा मोकळी ठेवायची. खुर्ची कमोडला लावून बाजूने सरकून बसता यावं, म्हणून सार्वजनिक स्वच्छतागृहात त्या जागेत बेसिन येऊच द्यायचं नाही. हात धुवायचे ते परत खुर्चीत बसल्यावर, खुर्ची बेसिनखाली नेऊन. ब्रिटनच्या इमारत नियमांतल्या 'पार्ट एम'मध्ये छोटंसं बेसिन कमोडच्या अगदी जवळ, बसल्या जागेवरून हात पोचेल असं लावतात. त्याची कड ७२० ते ७४० मिलिमीटर. कारण साधं आहे: हात धुऊन, पुसून मगच खुर्चीत परत यायचं.

हाताने चालवायच्या खुर्चीला पुढे ढकलण्यासाठी चाकाच्या बाहेरची कडी धरावी लागते. ती चाकाला लागूनच असते, आणि चाक रस्त्यावरून, दवाखान्याच्या फरशीवरून, स्वच्छतागृहाच्या ओल्या जमिनीवरून आलेलं असतं. शौचानंतर न धुतलेल्या हातांनी कडी धरली की ती घाण कडीवर गेली. मग बेसिनपाशी जाऊन हात स्वच्छ केले तरी परतताना तीच कडी पुन्हा धरायची. उलट दिशेनेही तेवढंच महत्त्वाचं. मज्जारज्जूला इजा झालेली अनेक माणसं दिवसातून काही वेळा स्वतः कॅथेटर घालून लघवी काढतात. १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की त्यासाठी शस्त्रक्रियागृहासारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, स्वच्छता पुरते. ही सगळी पद्धत धुतलेल्या हातांवर उभी आहे. आणि हात धुऊन पुन्हा चाक ढकलत कमोडपर्यंत जायचं असेल, तर धुतलेले हात पुन्हा मळलेच.

आपल्याकडे शौचानंतर पाण्याने धुतात, टिश्यू पेपरने नाही. ब्रिटिशांचं कारण आपल्याला ब्रिटिशांपेक्षा जास्त लागू पडतं. कमोडशेजारचा जेट स्प्रे पाणी देतो, साबण देत नाही. म्हणून माझं मत असं की भारतातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात दोन्ही हवीत: कमोडजवळ बोटं धुण्यापुरतं छोटं बेसिन, साबण आणि नॅपकिनसह, आणि बाहेर खुर्ची खाली जाईल असं मोठं. पार्ट एममध्येही इमारतीत तेवढं एकच शौचालय असेल तर खोलीची रुंदी दीड मीटरवरून दोन मीटर करून उभ्या माणसासाठी दुसरं बेसिन लावायला सांगितलं आहे. छोट्या बेसिनसाठी कमोडची एक बाजू अडते, हे खरं. ती कोणती बाजू ठेवायची ते वापरणाऱ्याला विचारावं. कुणी डावीकडून सरकतं, कुणी उजवीकडून.

'आरसा वाकडा लावला की झालं'

पुढे झुकवलेला आरसा म्हणजे अपंगांच्या स्वच्छतागृहाची खूणच झाली आहे. त्यात बसलेल्या माणसाला चेहरा दिसतो खरा, पण शेजारी उभ्या असलेल्याला स्वतःचं पोट दिसतं. झुकाव सक्तीचा नाही. बेसिनवरच्या आरशाची खालची कड जमिनीपासून ४० इंचांच्या आत असावी, एवढीच एडीएची अपेक्षा. बेसिनच्या कडेपासूनच वर लांब नेलेला सरळ आरसा मुलांपासून सगळ्यांना चालतो.

'धरायला बेसिन आहेच की'

नाही. अर्ध्या विटेच्या भिंतीत दोन बोल्टवर टांगलेलं चिनी मातीचं भांडं माणसाचं वजन पेलायला केलेलं नसतं. ते निखळलं तर माणसासकट खाली येतं, आणि फुटलेल्या चिनी मातीची धार काचेसारखी लागते. धरायचा दांडा वेगळा, आणि तो टॉवेल टांगायच्या दांडीहून वेगळा. अमेरिकी मानकांत अशा दांड्याने २५० पौंडांचा भार पेलला पाहिजे. टॉवेलची दांडी चार स्क्रूंसकट हातात येते.

'हे सगळं सरकारी इमारतींपुरतं'

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 'सार्वजनिक इमारत' या शब्दात खासगी इमारतीही येतात, जर तिथे सर्वसामान्य लोक येत-जात असतील तर. दुकान, हॉटेल, दवाखाना, शाळा, देऊळ, चित्रपटगृह, सगळं त्यात आलं. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली.

पळवाट होती ती वेगळ्या ठिकाणी. २०१७ च्या नियमांतली मानकं 'मार्गदर्शक' म्हणून लिहिलेली होती, म्हणून पाळली नाहीत तरी चालतं असा अर्थ काढता येत होता. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५ चा पहिला उपनियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानकं तीन महिन्यांत ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं.

घराला यातलं काही लागू नाही, आणि घरातच आपल्याकडे एक आयती सोय आहे. पुष्कळ मराठी घरांत हात धुवायचं बेसिन न्हाणीघरात नसतं. ते बाहेर, पॅसेजमध्ये किंवा जेवणाच्या टेबलाजवळ असतं. तिथे उंबरा नसतो, दार आत उघडत नाही आणि जमीन कोरडी असते. बेसिनसमोर अडीच फूट रुंद आणि चार फूट लांब जागा मोकळी सोडली की खुर्ची सरळ येते. मग पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाचं काय करायचं, हा घरातल्यांचा प्रश्न.

बेसिन नव्या कामात बसवत असाल तर प्लंबरशी उंचीचं बोलताना आधी हे विचारा की तो कुठून मोजतोय. तो काम करतो तेव्हा जमिनीवर टाइल लागलेली नसते. त्याने कच्च्या जमिनीपासून मापं घेऊन खुणा केल्या आणि नंतर खाली सिमेंट-वाळूचा थर आणि टाइल आली, की दोन-अडीच इंच गेलेच. सात इंचांच्या त्या हिशेबात अडीच इंच म्हणजे गुडघे पुन्हा कडेवर. तेव्हा टाइल लागल्यानंतरची पातळी आधी भिंतीवर पेन्सिलने आखून घ्यावी आणि बेसिनचं, ट्रॅपचं, नळाचं प्रत्येक माप त्या रेघेपासून वर द्यावं.