जहाजांचा पाण्याखालचा गोंगाट आणि आपल्या होडीचा पंखा



घोळ जाळ्यातून वर घेतली की करकरते, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. ढोमाही तसाच. पोटातल्या हवेच्या पिशवीवर, म्हणजे आपण ज्याला बोत म्हणतो त्यावर, स्नायू थरथरवून हे मासे आवाज काढतात. विणीच्या दिवसांत नर याच आवाजाने मादीला हाक घालतात. डॉल्फिन तर गढूळ पाण्यात भक्ष्य शोधतो तेच आवाजावर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात जवळपास १५०० मीटर. शिवाय पाण्यात तो फार लांबवर पोचतो.

अशा पाण्यातून मोठं जहाज गेलं की ही हाक गोंगाटात बुडून जाते. जहाजाचा सगळ्यात मोठा आवाज पंख्याचा असतो. पंखा जोरात फिरला की पात्यांवर दाब इतका उतरतो की पाण्यात बुडबुडे तयार होतात. ते फुटताना आवाज होतो. हेच बुडबुडे पात्यांना बारीक खड्डेही पाडतात. जुना पंखा काढून बघा, दिसतील.

गोंगाट कमी झाला तर फरक पडतो का? पडतो. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा घटली. कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. तिथल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाची संप्रेरकंही कमी सापडली. पुढे २०१७ पासून व्हँकुव्हर बंदराने ओर्का देवमाशांच्या भागात जहाजांना वेग कमी करायची विनंती सुरू केली. सक्ती नसूनही बऱ्याच जहाजांनी ती मानली आणि आवाज उतरल्याचं मोजमापात दिसलं. कमी आवाजाच्या जहाजांना तिथे बंदर-शुल्कात सूटही मिळते.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने याबाबत २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या. पंख्याची चांगली रचना, स्वच्छ तळ, कमी वेग हे त्यातले मुख्य उपाय. पण त्या बंधनकारक नाहीत. म्हणून मागणी करणारं कोणीतरी लागतं. मुरगाव बंदरात मोठी जहाजं येतात, आणि मांडवी-झुवारीच्या मुखाशी डॉल्फिन फिरतात. तिथे जहाजांनी सावकाश यावं, हे आपण संस्थेमार्फत मांडू शकतो.

पण दुसऱ्याला सांगण्याआधी आपली होडीही बघूया. १ जून ते ३१ जुलै बंदीत होड्या वर असतात, तेव्हा एवढं करून घ्या:

• पंख्याची पाती तपासा. वाकलेली, खड्डे पडलेली असतील तर दुरुस्त करा.
• तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडून काढा.
• शाफ्ट सरळ आहे का, इंजिनाचे बोल्ट घट्ट आहेत का, बघा.
• बंदी उठल्यावर नदीच्या मुखाशी इंजिन सावकाश चालवा.

यात तोटा काहीच नाही. साफ तळ आणि बरा पंखा असला की डिझेल वाचतं, होडी कमी हादरते, आणि घोळीची हाकही घोळीपर्यंत पोचते. ती पोचली तरच पुढच्या वर्षी आपल्या जाळ्यात काही येणार.

कुणाच्या होडीचा पंखा जास्त आवाज करतो, कुणी दुरुस्त करून घेतला, किती डिझेल वाचलं, ते खाली लिहा. इतरांना उपयोग होईल.