बंद पडलेला संगणक आणि सीडीवरून बूट : तपासणीचा क्रम

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील कडगंची हे गाव मराठी वाचकांस अपरिचित नाही. ‘गुरुचरित्रा’चे कर्ते सरस्वती गंगाधर यांचे पूर्वज सायंदेव यांचे नाव परंपरेने या गावाशी निगडित आहे. २००९ साली स्थापन झालेल्या कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवारही आज याच गावी आहे. छपाईपूर्व काळात असे ग्रंथ टिकून राहिले, ते प्रतीवरून प्रत उतरवून घेणाऱ्यांमुळे. एकाच प्रतीवर विसंबलेला मजकूर त्या प्रतीबरोबर नष्ट होतो, हा नियम हस्तलिखितांस जसा लागू होता तसाच तो संगणकातील मजकुरासही लागू आहे.

सीमाभागातील शाळा, वाचनालये व लहान कार्यालये यांच्या दृष्टीने या नियमास विशेष महत्त्व आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर आयएसएम, श्रीलिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या साहाय्याने टंकित केला जात असे. या प्रणालींचे फाँट परस्परांहून भिन्न असल्यामुळे मूळ फाँट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर अर्थहीन चिन्हांच्या रूपात दिसतो. म्हणजे मजकूर आणि तो वाचण्याचे साधन ही दोन्ही पुष्कळदा एकाच जुन्या यंत्रात असतात. असे यंत्र एके दिवशी सुरू होईनासे झाले, की ‘फॉरमॅट करा’ हा सल्ला तत्काळ मिळतो. तथापि तो अमलात आणण्यापूर्वी सीडी किंवा डीव्हीडीवरून यंत्र सुरू करून आतील मजकूर बाहेर काढणे बहुधा शक्य असते. प्रस्तुत लेखात त्याच उपायाचा विचार केला आहे.

बूट होणे म्हणजे काय?

संगणकास वीज मिळताच मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठविलेली ‘बायोस’ ही आज्ञावली प्रथम जागी होते. ती स्मृती, कळफलक, पडदा इत्यादी भागांची तपासणी करते आणि नंतर ठरवून दिलेल्या अनुक्रमाने हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह किंवा पेन ड्राइव्ह यांवर कार्यप्रणाली शोधते. या अनुक्रमास ‘बूट ऑर्डर’ असे म्हणतात. सीडीवरून बूट करण्याची सर्वमान्य पद्धत फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांनी १९९५ साली ‘एल टोरिटो’ या नावाने निश्चित केली. तीनुसार चकतीच्या ठरावीक जागी एक विशेष नोंद असावी लागते. ती नोंद नसल्यास चकतीवरील सर्व फायली व्यवस्थित असूनही यंत्र तिच्यावरून सुरू होत नाही.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

दोष शोधताना ज्यास खर्च नाही व ज्यात धोका नाही ते प्रथम पाहावे, आणि यंत्र उघडण्याचे काम शेवटी करावे.

१. चकती : ती दुसऱ्या चालू संगणकात घालून पाहावी. आत केवळ ‘आयएसओ’ प्रकारची एकच फाइल दिसल्यास चकती चुकीच्या रीतीने लिहिली गेली आहे असे समजावे. अशी फाइल नुसती नकलून चालत नाही. ‘इमेज’ लिहिण्याची स्वतंत्र सोय वापरून चकती तयार करावी लागते. लिहिण्याचा वेग कमी ठेवावा आणि शेवटी पडताळणी करावी. सीडीवर सुमारे ७०० मेगाबाइट, तर एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. केवळ सीडी वाचणाऱ्या जुन्या ड्राइव्हला डीव्हीडी वाचता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

२. बूट ऑर्डर : यंत्र सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ वारंवार दाबल्यास बहुतेक मदरबोर्डांवर बायोसची पाने उघडतात. तेथे सीडी ड्राइव्हला पहिले स्थान द्यावे. एफ-८, एफ-११ किंवा एफ-१२ या कळीने केवळ त्या वेळेपुरती निवड करण्याची सोयही अनेक मदरबोर्डांवर असते. हीच पद्धत अधिक निर्धोक होय. काही चकत्या सुरू होताना ‘कोणतीही कळ दाबा’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ काही क्षण दाखवितात. त्या अवधीत कळ न दाबल्यास यंत्र पुन्हा हार्ड डिस्ककडे वळते आणि चकतीच सदोष आहे असा गैरसमज होतो.

३. बॅटरी : बदललेला अनुक्रम टिकत नसेल आणि दिनांकही मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची सीआर २०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली असण्याचा संभव आहे. ती अल्प खर्चात बदलता येते.

४. नवी व जुनी पद्धत : अलीकडच्या मदरबोर्डांवर बायोसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. तेथे एकच ड्राइव्ह यादीत दोनदा दिसू शकतो, एकदा ‘यूईएफआय’ या शब्दासह व एकदा त्याविना. जुन्या चकतीसाठी दुसरी नोंद निवडावी. ती दिसत नसल्यास ‘सीएसएम’ किंवा ‘लेगसी’ ही सोय चालू करावी लागते. काही नव्या यंत्रांत ती मुळीच नसते. ‘सिक्युअर बूट’ चालू असल्यास अधिकृत स्वाक्षरी नसलेली चकती नाकारली जाते. बदल करण्यापूर्वी मूळ मांडणी कागदावर टिपून ठेवावी.

५. जोडण्या : बायोसमध्ये ड्राइव्हचे नावच दिसत नसेल, तर वीजपुरवठा तोडून व प्लग काढून यंत्र उघडावे. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या धातूच्या भागास स्पर्श करावा. जुन्या आयडीई पद्धतीत एका रुंद पट्टीवर दोन ड्राइव्ह बसतात. त्यांपैकी एक ‘मास्टर’ व दुसरा ‘स्लेव्ह’ असा जंपर लावलेला असावा लागतो. दोन्ही ‘मास्टर’ असल्यास एक किंवा दोन्ही ड्राइव्ह अदृश्य होऊ शकतात. साटा पद्धतीत प्रत्येक ड्राइव्हला स्वतंत्र केबल असते. तेथे केबल बदलून पाहावी, तसेच ती मदरबोर्डच्या मुख्य पोर्टवरच जोडावी. अतिरिक्त चिपच्या पोर्टवरून काही मदरबोर्ड सीडी बूट करीत नाहीत.

६. ड्राइव्ह : सीडीसाठी ७८० आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरला जातो. त्यामुळे एकाच ड्राइव्हमध्ये डीव्हीडी वाचली जाऊन सीडी वाचली न जाणे, किंवा याच्या उलट होणे, शक्य असते. एक प्रकार चालत नसल्यास दुसऱ्या प्रकारची चकती वापरून पाहावी. उन्हाळ्यातील धुळीने भिंगावर थर बसतो, तोही वाचनात अडथळा आणतो.

टाळावयाच्या गोष्टी

साटाची ‘आयडीई’ किंवा ‘एएचसीआय’ ही मांडणी विनाकारण बदलू नये. तसे केल्यास पूर्वीची विंडोज सुरू होण्याचे थांबू शकते. चकती सुरू झाल्यावर ‘इन्स्टॉल’ हा पर्याय निवडू नये. हार्ड डिस्कवर नवे काही लिहिले गेल्यास जुना मजकूर कायमचा जाऊ शकतो. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास यंत्र तत्काळ बंद करावे व तज्ज्ञाकडे सोपवावे. अशा वेळी प्रत्येक नवा प्रयत्न हानी वाढवितो.

मजकूर बाहेर कसा काढावा?

या कामासाठी ‘लाइव्ह’ चकती उपयोगी पडते. हार्ड डिस्कवर काहीही न बसविता कार्यप्रणाली चकतीवरूनच चालते. २००० साली आलेली ‘नॉपिक्स’ ही या प्रकारातील प्रसिद्ध प्रणाली होय. सी-डॅकने विकसित केलेल्या ‘बॉस’ या लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणालीत मराठीचीही सोय आहे. मात्र जुन्या ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिटची चकती चालत नाही. म्हणून यंत्राच्या वयास अनुरूप आवृत्ती निवडावी. पेन ड्राइव्हवरून बूट होण्याची सोय अनेक जुन्या मदरबोर्डांवर नसल्यामुळे अशा यंत्रांसाठी चकतीचे महत्त्व आजही कायम आहे.

यंत्र सुरू झाल्यावर हार्ड डिस्क शक्यतो केवळ वाचनासाठी उघडावी आणि फायली बाहेरच्या डिस्कवर नकलाव्यात. विंडोजच्या फोल्डरमधील फाँट नकलण्यास विसरू नये. अन्यथा फायली हाती येऊनही त्या वाचता येणार नाहीत. त्यानंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असतो. अखेरीस दोन प्रती करून त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

यंत्र आज ना उद्या निकामी होणारच. त्याची दुरुस्ती प्रत्येक वेळी परवडेलच असे नाही. परंतु शाळेची जुनी नोंद, वाचनालयाची सूची किंवा गावाचा लिहून ठेवलेला इतिहास पुन्हा विकत आणता येत नाही. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती, हा क्रम प्रत्येक कार्यालयाने कटाक्षाने पाळणे इष्ट होय.